परदेशी पार्टीशी भांडण झालं तर दावा कुठे लावायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकचा द्राक्षवाला असो, इचलकरंजीचा कापडवाला असो नाहीतर पुण्यात घरी बसून अमेरिकेतल्या कंपनीसाठी कोडिंग करणारा असो, सगळ्यांच्या मेसेजची सुरुवात एकच असते, "सर, दावा कुठे लावू?" पैसे शेवटी कुठून निघणार हे मात्र शंभरात एखादाच विचारतो, आणि खरं तर सुरुवात तिथूनच करायची असते. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत. उत्तर आधीच येऊन गेलं असेल तिथे फक्त नंबर दिलाय.

१. ज्युरिस्डिक्शन क्लॉज आणि गव्हर्निंग लॉ एकच ना?

नाही. भांडण कुठल्या कोर्टात चालणार हे ज्युरिस्डिक्शन क्लॉज सांगतो आणि ते कुठल्या देशाच्या कायद्याने तोलायचं हे गव्हर्निंग लॉ सांगतो. कोर्ट मुंबईचं आणि कायदा इंग्लंडचा असं होऊ शकतं, फक्त मग इंग्लंडचा कायदा काय म्हणतो हे मुंबईच्या कोर्टात तज्ज्ञ उभा करून सिद्ध करावं लागतं, त्याचा खर्च वेगळा. दोन्ही ओळी करारात वेगवेगळ्या लिहिलेल्या बऱ्या.

२. करारात कोर्टाबद्दल काहीच लिहिलेलं नाही. बायर हॉलंडचा आहे. मी माझ्या गावच्या कोर्टात जाऊ शकतो का?

बहुतेक वेळा हो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २० प्रमाणे प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे दावा लागतो, किंवा दाव्याचं कारण जिथे पूर्ण किंवा काही अंशी घडलं तिथे. ते "काही अंशी" तुमच्या कामाचं. समजा ऑर्डर तुम्ही नाशिकमध्ये बसून स्वीकारली, कंटेनर जेएनपीटीला बोटीवर चढला, पैसे नाशिकच्या बँकेत यायचे होते आणि आले नाहीत, तर दाव्याचं कारण काही अंशी इथे घडलं असं म्हणायला भरपूर जागा आहे. मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे दावे पहिल्यांदा तिथेच चालतात त्या विभागात, जाणार असाल आणि कारणाचा फक्त काही भाग मुंबईत घडला असेल तर लेटर्स पेटंटच्या, म्हणजे त्या हायकोर्टाच्या सनदेच्या, क्लॉज १२ खाली आधी परवानगी घ्यावी लागते, हे वकिलाला माहीत असतंच पण तुम्हीही विचारून ठेवा.

अजून एक. व्यापारी वाद असेल आणि रक्कम तीन लाख किंवा जास्त असेल तर तो कमर्शियल कोर्टात जातो, आणि तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थीला जाणं सक्तीचं आहे, कमर्शियल कोर्ट्स कायद्याचं कलम १२-ए. ते टाळून लावलेला दावा फेटाळला जातो, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या केसमध्ये हे स्पष्टच केलंय.

पण दावा लागला म्हणजे वसुली झाली असं नाही, त्यासाठी प्रश्न ६ वाचल्याशिवाय कोर्ट फी भरू नका.

३. आमच्या इन्व्हॉइसच्या खाली "सब्जेक्ट टू मुंबई ज्युरिस्डिक्शन" छापलेलं आहे, पिढ्यान्‌पिढ्या. पुरेसं आहे ना?

ही ओळ छापखानेवाला न सांगताच टाकतो, बिलबुकवर, कॅश मेमोवर, लग्नाच्या हॉलच्या पावतीवरसुद्धा. अडचण अशी की इन्व्हॉइस निघतो तेव्हा करार आधीच झालेला असतो. बायरने पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, पाठवला, तुम्ही "कन्फर्म्ड" म्हणून ईमेल केला, तिथे सौदा पक्का झाला. नंतर तुमच्या बाजूने छापून गेलेल्या ओळीला समोरच्याने होकार दिला होता हे दाखवावं लागतं. वर्षानुवर्षं तेच इन्व्हॉइस घेऊन तो पैसे देत आला असेल तर मुद्दा थोडा बळकट होतो, पहिल्याच ऑर्डरला भांडण झालं तर फारच कच्चा.

त्यात बायरच्या पीओच्या शेवटी एक लिंक असते, "आमच्या अटी आमच्या वेबसाइटवर", आणि त्या अटींत कोर्ट रॉटरडॅमचं किंवा हॅम्बुर्गचं. तुम्ही ती लिंक कधीच उघडलेली नसते पण पीओ मात्र स्वीकारलेला असतो. म्हणून कोर्टाची ओळ प्रोफॉर्मा इन्व्हॉइसवर, म्हणजे सौदा पक्का होण्याआधी पाठवायच्या कच्च्या बिलावर, टाका, त्यावर बायरची सही किंवा निदान ईमेलवर "ॲग्रीड" घ्या, आणि पीओ आल्यावर त्यातली ओळ वेगळी असेल तर तेव्हाच लिहून कळवा. माल पोर्टवर गेल्यावर तुमचं कोणी ऐकत नाही.

४. क्लॉजमध्ये "ओन्ली" किंवा "एक्सक्लुझिव्ह" लिहायचं राहिलं. क्लॉज वाया गेला का?

भारतात आता सहसा नाही. १९८९ च्या एबीसी लॅमिनार्टच्या केसमध्ये करारात "कैरा ज्युरिस्डिक्शन" एवढंच होतं, सुप्रीम कोर्ट म्हणालं की एवढ्याने बाकीची कोर्टं बाद होत नाहीत. २०१३ मध्ये स्वस्तिक गॅसेसच्या केसमध्ये करारात फक्त कोलकात्याचं नाव होतं, दावेदार जयपूरला गेला होता, तेव्हा तेच कोर्ट म्हणालं की एक जागा नाव घेऊन लिहिली म्हणजे बाकीच्या वगळल्या असाच हेतू दिसतो, "ओन्ली" नसलं तरी. म्हणजे वारं फिरलं. परदेशातलं कोर्ट असाच अर्थ लावेल याची गॅरंटी नाही, त्यामुळे एक शब्द वाचवायला जाऊ नका, "एक्सक्लुझिव्ह" लिहून मोकळे व्हा. आणि मुद्दाम उलटं हवं असेल, म्हणजे दोन्हीकडे जायची सोय, तर "नॉन-एक्सक्लुझिव्ह" तेवढंच स्पष्ट लिहा.

५. दोघांचाही लंडनशी काही संबंध नाही, तरी लंडनचं कोर्ट ठरवलं तर चालतं का? कुणीतरी सांगितलं की नसलेला अधिकार करारातून देता येत नाही.

सांगणारा अर्धा बरोबर आहे. भारतातल्या भारतात, ज्या कोर्टाला कलम २० खाली अधिकारच नाही त्याला तुम्ही दोघांनी मिळून अधिकार देऊ शकत नाही. दोन कोर्टांना अधिकार असेल तर त्यातलं एक निवडू शकता, त्याला कराराच्या कायद्याचं कलम २८ आडवं येत नाही. हा नियम १९७१ च्या हाकम सिंग विरुद्ध गॅमन या केसपासूनचा, तिथे करारात मुंबई होती आणि दावा वाराणसीला लावला होता.

परदेशी तटस्थ कोर्टाची गोष्ट वेगळी. मोदी एंटरटेनमेंट विरुद्ध डब्ल्यूएसजी क्रिकेट, २००३ चा निकाल. २००० साली नैरोबीत आयसीसीची नॉकआउट स्पर्धा झाली तिच्या प्रक्षेपणाच्या हक्कांवरून वाद, करारात इंग्लंडची कोर्टं, तीही नॉन-एक्सक्लुझिव्ह. इकडच्या पार्टीने मुंबई हायकोर्टात दावा लावला, तिकडच्यांनी लंडनमध्ये, मग इकडच्यांनी लंडनचा दावा थांबवा म्हणून मुंबईत मनाई हुकूम मागितला. सुप्रीम कोर्टाने दिला नाही. लंडन गैरसोयीचं आहे, महाग आहे, साक्षीदार इकडे आहेत, हे सगळं सही करताना दिसत होतं, आता ते कारण चालणार नाही असा एकूण सूर. तेव्हा लंडन, सिंगापूर लिहिताना तिथल्या वकिलाचा तासाचा दर आधी विचारा, तुमचा क्लेम दहा लाखांचा असेल तर उत्तर तिथेच मिळेल.

६. समजा मी इथे जिंकलो. बायरची भारतात एक रुपयाची मालमत्ता नाही. हुकूमनामा घेऊन जर्मनीत, अमेरिकेत, दुबईत वसुली होते का?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि देशागणिक उत्तर बदलतं.

इंग्लंडमध्ये १९३३ च्या एका कायद्याखाली भारतीय हुकूमनामा रजिस्टर करून घेता येतो, मग तो तिथल्या निकालासारखा वसूल होतो. अमिरातींशी भारताचा १९९९ चा करार आहे, त्याच्या आधारावर तिथे अर्ज करता येतो. जर्मनीत परदेशी निकाल मान्य करताना तिथलं कोर्ट बऱ्याच गोष्टी तपासतं, त्यात तुमचा देश आमचे निकाल मान्य करतो का हाही मुद्दा असतो, म्हणजे वादाला जागा आहे. अमेरिकेशी याबाबत कसलाही करार नाही, प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, न्यूयॉर्कमध्ये एक आणि टेक्सासमध्ये दुसरं.

इथे एकतर्फी हुकूमनामा घेऊन तुम्ही तिकडे गेलात तर पहिला प्रश्न येणार की समोरच्याला समन्स नीट बजावलं होतं का, आणि तो भारताच्या कोर्टाला कधी बांधला गेला होता का. सही केलेला ज्युरिस्डिक्शन क्लॉज तिथेच कामाला येतो. क्लॉज नसेल आणि बायरने भारतात पाऊलही ठेवलं नसेल तर बऱ्याच देशांत तुमचा हुकूमनामा फ्रेम करून भिंतीवर लावण्यापुरता उरतो.

म्हणून कोर्ट निवडताना आधी समोरच्याचा बँक बॅलन्स, गोडाऊन, ऑफिस कुठे आहे ते बघा. कधी कधी स्वतःहून बायरच्या शहराचं कोर्ट मान्य करणं हाच शहाणपणाचा सौदा असतो, ऐकायला वाईट वाटलं तरी.

७. उलट झालं तर? तिकडच्या कोर्टाने माझ्याविरुद्ध निकाल दिला तर इथली फॅक्टरी जप्त होईल का?

होऊ शकते. देशांचे दोन गट आहेत.

पहिला गट दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-ए खाली सरकारने अधिसूचित केलेला, त्यात ब्रिटन, सिंगापूर, हाँगकाँग, मलेशिया, न्यूझीलंड, बांगलादेश वगैरे आहेत आणि जानेवारी २०२० पासून अमिरातीही आल्या, दुबईच्या डीआयएफसी या आर्थिक केंद्राच्या वेगळ्या कोर्टासकट. तिथल्या वरिष्ठ कोर्टाचा पैशाचा हुकूमनामा थेट इथल्या जिल्हा कोर्टात दरखास्त (वसुलीचा अर्ज) लावून वसूल करता येतो, पुन्हा दावा लागत नाही. दुबईतलं कर्ज किंवा तिथला बाउन्स झालेला चेक मागे टाकून गावी आलेल्यांना २०२० आधी जो निवांतपणा होता तो आता नाही.

दुसरा गट बाकी सगळे, अमेरिका, जर्मनी, फ्रान्स, चीन. त्यांचा निकाल घेऊन इथे नवा दावा लावावा लागतो.

दोन्हीकडे तुमचा बचाव त्याच संहितेच्या कलम १३ मध्ये आहे: त्या कोर्टाला अधिकार नव्हता, निकाल गुणदोषांवर नव्हता, आंतरराष्ट्रीय कायदा चुकीचा लावला किंवा लागू असलेला भारतीय कायदा डावलला, तुम्हाला ऐकूनच घेतलं नाही, फसवणुकीने मिळवला, किंवा मागणीच भारतातल्या कायद्याच्या विरोधात आहे. केस पुन्हा पहिल्यापासून चालवायची सोय मात्र यात नाही.

आपल्याकडचीच एक केस सांगतो. नाशिकची अल्कॉन इलेक्ट्रॉनिक्स आणि फ्रान्सची सेलेम. सेलेमने इंग्लंडच्या कोर्टात दावा लावला, अल्कॉनने तिथे जाऊन "तुम्हाला अधिकार नाही" असा अर्ज केला, तो फेटाळला गेला आणि वर बारा हजार पौंडांहून जास्त खर्च बसला. तेवढ्या खर्चाच्या हुकुमासाठी नाशिकच्या जिल्हा कोर्टात दरखास्त लागली. वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि निकाल असा की खर्चाचा हुकूमही कलम ४४-ए खाली वसूल होतो. म्हणजे मूळ दाव्याचं काहीही होवो, नुसता अधिकाराचा मुद्दा हरल्याचं बिलही घरी येतं.

८. परदेशी कोर्टाचं समन्स कुरिअरने आलंय. घेतलंच नाही तर?

समन्स बजावण्याबद्दलचं १९६५ चं हेग कन्व्हेन्शन (अनेक देशांमधला करार) भारताने स्वीकारलंय, २००७ पासून लागू आहे, आणि त्यात भारताने पोस्टाने थेट समन्स पाठवायला हरकत नोंदवलेली आहे. रीतसर मार्ग म्हणजे कायदा व न्याय मंत्रालयामार्फत येणारं समन्स. त्यामुळे कुरिअरने आलेल्यावर आक्षेप घेता येतो, हे खरं.

पण पाकीट परत पाठवून झोपू नका. अमेरिकेतली काही कोर्टं ईमेलवरूनही बजावणीला परवानगी देतात आणि तुमच्या गैरहजेरीत निकाल होतो. एकतर्फी निकाल आपोआप रद्द ठरतो हा गोड गैरसमज आहे. २००१ च्या इंटरनॅशनल वूलन मिल्सच्या केसमध्ये पुरावा न बघता दिलेला एकतर्फी निकाल गुणदोषांवर नाही म्हणून टिकला नाही, पण कोर्टाने पुरावा बघून एकतर्फी निकाल दिला असेल तर तो टिकू शकतो.

जाऊन लढलात तर तुम्ही त्या कोर्टाचा अधिकार मान्य केला असं धरलं जातं. फक्त अधिकारालाच आव्हान द्यायचं तर पहिल्याच अर्जात, बाकी बचावाचा एक शब्दही न बोलता, आणि ते हरल्यावर काय होतं ते वर अल्कॉनमध्ये आलंय. तिकडे कधी मालमत्ता नसणार, जाणंयेणं नसणार असा माणूस आणि तिकडे गोडाऊन असलेली कंपनी यांचं गणित वेगळं, वकिलाला हे पहिल्या भेटीत सांगा.

९. कोर्ट निवडीचं एक हेग कन्व्हेन्शन आहे म्हणे. भारत त्यात आहे का?

नाही. २००५ चं चॉइस ऑफ कोर्ट कन्व्हेन्शन, १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू, त्यात युरोपियन युनियन, मेक्सिको, सिंगापूर, ब्रिटन आहेत, २०२५ च्या सुरुवातीपासून स्वित्झर्लंडही. अमेरिका आणि चीनने नुसती सही केलीय. सदस्य देशांत हिशोब सोपा: एक्सक्लुझिव्ह क्लॉजमधल्या कोर्टाने केस चालवायची, बाकीच्यांनी हात आखडता घ्यायचा, आणि निकाल सगळ्यांनी मानायचा. आपण बाहेर असल्यामुळे मुंबईच्या क्लॉजला आणि मुंबईच्या निकालाला हा फायदा मिळत नाही. आपण का नाही आत, हे मला आजवर पटलेलं नाही, एवढा निर्यातीचा गाजावाजा असताना.

यातून एक युक्ती निघते. बायर जर्मन असेल आणि तटस्थ जागेवर अडून बसला असेल तर सिंगापूरचं कोर्ट एक्सक्लुझिव्ह लिहा. सिंगापूरचा निकाल जर्मनीत या कन्व्हेन्शनखाली जातो आणि भारतात कलम ४४-ए खाली येतो. रक्कम तेवढी मोठी हवी, हे आलंच.

१०. मग आर्बिट्रेशनच लिहू का?

आर्बिट्रेशन म्हणजे कोर्टाऐवजी लवादाकडून वाद सोडवणं. मध्यम-मोठ्या सौद्यांना बहुतेक वेळा हो. १९५८ च्या न्यूयॉर्क कन्व्हेन्शनमुळे निवाडा दीडशेहून जास्त देशांत वसूल करता येतो, प्रश्न ६ मधली बरीच डोकेदुखी जाते. छोट्या क्लेमला आर्बिट्रेटरची फीच भारी पडते. दोन्ही क्लॉज अर्धवट एकत्र टाकू नका, "वाद आर्बिट्रेशनने सुटेल आणि मुंबईच्या कोर्टाला संपूर्ण अधिकार राहील" अशी वाक्यं मी पाहिलीत, दोन-तीन वर्षं त्याचा अर्थ लावण्यातच जातात.

११. बिल ऑफ लेडिंगच्या मागे बारीक अक्षरात इंग्लंडचं कोर्ट छापलेलं असतं. ते कोण वाचतं? बांधील आहे का?

बिल ऑफ लेडिंग (बीएल) म्हणजे जहाज कंपनीने माल घेतल्याची पावती. वाचत कोणी नाही, बांधील मात्र धरलं जातं. १९९० ची केस, आफ्रिकेतून कोचीनला काजू आले, पोती कमी भरली, आयातदाराने इथे दावा लावला. सुप्रीम कोर्टाने बीएलमधला इंग्लिश कोर्टाचा क्लॉज मान्य केला.

पण बोटीच्या धंद्यात एक दुसरा दरवाजा आहे, जहाजच अटकवायचं. २०१७ च्या ॲडमिरल्टी कायद्याखाली मुंबईसह किनाऱ्यावरच्या राज्यांची आठ हायकोर्टं आपल्या हद्दीतल्या पाण्यात असलेलं जहाज सागरी क्लेमसाठी अटक करू शकतात. या कायद्याआधीची गाजलेली केस एम. व्ही. एलिझाबेथ. गोव्याच्या मुरगाव बंदरातून माल घेऊन निघालेलं परदेशी जहाज, बीएल न बघताच माल सोडून दिल्याची तक्रार, आणि जहाज नंतर विशाखापट्टणमला सापडलं तेव्हा तिथे अटक. मालक भारतात नाही, मग केस कशी, हा आक्षेप सुप्रीम कोर्टाने १९९२ मध्ये बाजूला सारला. क्लॉज परदेशी कोर्टाचा असला तरी निदान तारण म्हणून जहाज अटक करता येतं का हे वकिलाला त्याच दिवशी विचारा, बोट संध्याकाळी सुटते.

१२. बायरच्या ड्राफ्टमध्ये तो कुठेही दावा लावू शकतो, मी मात्र फक्त त्याच्या शहरात. हे कायदेशीर आहे का?

एकतर्फी क्लॉज म्हणतात याला, बँकांच्या कर्जाच्या करारात सर्रास असतो. युरोपच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं की असे क्लॉज चालू शकतात, पण कुठली कोर्टं ते पुरेसं नेमकं हवं, वाटेल तिथे असं मोकळं सोडलेलं नको. २००५ च्या हेग कन्व्हेन्शनच्या हिशोबात असा क्लॉज एक्सक्लुझिव्ह धरला जात नाही, म्हणजे प्रश्न ९ मधला फायदा जातो. बायरला हेच सांगून क्लॉज सरळ करून घ्या, तो बरेचदा ऐकतो कारण नुकसान त्याचंही आहे.

१३. आम्ही एमएसएमई रजिस्टर्ड आहोत. परदेशी बायरविरुद्ध फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाता येतं का?

नाही. ही कौन्सिल छोट्या उद्योगांच्या थकलेल्या बिलांचे वाद बघते, पण एमएसएमई कायद्याच्या कलम १८ मधला बायर भारतात असावा लागतो. परदेशी बायरसाठी ईसीजीसी या सरकारी निर्यात-विमा कंपनीचा विमा हाच व्यावहारिक रस्ता, पण तो माल जाण्याआधी घ्यायचा असतो.

१४. करारात जर्मन कायदा लिहिलाय. भारत सीआयएसजीमध्ये नाही, मग तो आम्हाला लागत नाही ना?

लागतो. सीआयएसजी हे आंतरराष्ट्रीय मालविक्रीचं कन्व्हेन्शन जर्मन कायद्याचाच भाग आहे, त्यामुळे "जर्मन कायदा" लिहिलं की तेही पाठोपाठ येतं. नको असेल तर वगळल्याचं स्पष्ट लिहावं लागतं. माल खराब निघाल्याची तक्रार किती दिवसांत करायची वगैरे नियम त्यात वेगळे आहेत, द्राक्षवाल्यांनी तर नक्की बघावं.

१५. मी व्यापारी नाही, साधा प्रवासी आहे. परदेशी एअरलाइनने सामान हरवलं आणि अटींत त्यांच्या देशाचं कोर्ट आहे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. आंतरराष्ट्रीय प्रवासाला मात्र १९९९ चं माँट्रियल कन्व्हेन्शन लागतं आणि त्यात दाव्याच्या जागा ठरलेल्या आहेत: एअरलाइनचं मुख्य ठिकाण, तिच्या ज्या ऑफिसमार्फत तिकीट घेतलं ते, किंवा प्रवासाचं अंतिम ठिकाण. मुंबईहून मुंबईला परतीचं तिकीट असेल तर अंतिम ठिकाण मुंबईच, फ्रँकफर्टला सामान हरवलं तरी. मुदत दोन वर्षांची, आणि ती कडक आहे.

१६. नोकरीच्या करारातही कोर्ट ठरवून दिलेलं असतं. कामगाराला ते लागू होतं का?

एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका खासगी बँकेच्या कर्मचाऱ्यांच्या केसमध्ये मुंबईचा क्लॉज मान्य केला, नोकरी दुसऱ्या राज्यात असूनही. अट तीच, मुंबईला मुळात अधिकार हवा.

१७. दोघांनीही आपापल्या देशात दावा लावला. पहिला कोणाचा चालणार?

दोन्ही चालू शकतात. एकाच वादावर दोन दावे असतील तर नंतरचा थांबतो हा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १० चा नियम परदेशी कोर्टातल्या दाव्याला लागत नाही, कलमाच्या स्पष्टीकरणातच तसं म्हटलंय. समोरच्याला थांबवायचं तर अँटी-सूट मनाई हुकूम मागावा लागतो, आणि तो किती जपून दिला जातो ते प्रश्न ५ मध्ये आलंय.

१८. इंग्लंडचा जुना निकाल आहे माझ्या बाजूने. इथे बारा वर्षं मिळतात ना?

हाच हिशोब धरून बरेच जण अडकतात. वसुलीसाठी बारा वर्षं मिळतात ती भारतीय हुकूमनाम्याला. बँक ऑफ बडोदा विरुद्ध कोटक महिंद्रा, २०२०: लंडनचा १९९५ चा हुकूमनामा, इथे दरखास्त २००९ ला. सुप्रीम कोर्ट म्हणालं, ज्या देशाचा हुकूमनामा त्या देशाची मुदत लागणार, इंग्लंडमध्ये ती सहा वर्षांची, दरखास्त मुदतबाह्य. तिकडे आधी वसुलीची कारवाई केली आणि ती अपुरी पडली असेल तर ती संपल्यापासून इथे अर्जाला तीन वर्षं मिळतात. अमेरिकेसारख्या दुसऱ्या गटातल्या देशाचा निकाल असेल तर निकालाच्या तारखेपासून तीन वर्षांत इथे दावा, आणि अपील होईपर्यंत थांबू म्हणत तारीख घालवू नका.